अक्काच्या मशीनवरच्या खाचा

आयटीआयमधून निवृत्त झालो आणि दोन-तीन महिन्यांतच घर खायला उठलं. उभा जन्म फिटरच्या वर्गाला कानस कशी धरायची ते शिकवण्यात गेला होता, हात स्वस्थ बसेनात. अशात एका लग्नासाठी नांदेडहून लातूरला गेलो होतो. तिथं एका भंगाराच्या दुकानासमोर पायानं चालवायची जुनी शिलाई मशीन उन्हात पडलेली दिसली. चाक गच्च बसलेलं, काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी जेमतेम दिसत होती. दुकानदार ती फोडून लोखंडात घालणार होता. मी ती विकत घेतली आणि वऱ्हाडाच्या टेम्पोत घालून नांदेडला आणली.

आठ दिवस मी त्या मशीनचे सांधे डिझेलनं भिजवत होतो. शटलमध्ये कुठल्या काळचा दोरा गुंतला होता, तो चिमट्यानं काढला. नवव्या दिवशी चाक फिरलं. मला पोरासारखा आनंद झाला.

मग नादच लागला. माहूरला देवीच्या खणांच्या पिशव्या शिवणाऱ्या एका बाईंची मशीन आणली, उदगीरच्या एका टेलरची आणली. ओसरीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी नुसती चालू करून देत नव्हतो, कोरी करून देत होतो. लाकडी फळी पॉलिश पेपरनं घासायची, सुईखालची पत्री चकाकवायची, वेलबुट्टी बारीक ब्रशनं पुन्हा काढायची. नेणारा माणूस “नवीच दिसून राहिली की सर” म्हणाला, की माझी छाती फुगायची.

आता अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती जळकोटला दिली. मेव्हणे लवकर गेले, पदरी एक मुलगा. शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्यानं डोळे गेल्यावर आपली मशीन तिला दिली आणि त्या मशीनवर तिनं घर चालवलं. माझं आयटीआयचं शिक्षणही तिच्याच घरी राहून झालं. मी पुस्तक घेऊन बसायचो आणि पलीकडं मशीनची घरघर चालू असायची. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या सगळ्या लहान मुलींचे पांढरे फ्रॉक अक्का शिवायची. मिरवणुकीत पुढं चालणाऱ्या पोरींची ओळ बघून लोक म्हणायचे, ही अक्काची ओळ.

सहा-सात वर्षांपूर्वी तिला काचबिंदू निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेली ती नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळायची. आम्ही विचारलं की अक्का म्हणायची, दिसतंय की थोडं थोडं. सुईत दोरा तेवढा नात ओवून द्यायची. बाकी ती शिवतच होती, म्हणून आमचाही विश्वास बसला. ज्याला दिसत नाही तो शिवेल कसा, एवढाच आमचा हिशेब.

जयंतीला दोन महिने असताना मी जळकोटला गेलो. तिची मशीन नीट न्याहाळली आणि मलाच लाज वाटली. जगाच्या मशिनी चकाचक करणाऱ्या माणसाच्या सख्ख्या बहिणीची मशीन अशी कळकट. फळीवर ओरखडे, पत्रीवर कसला तरी घट्ट डाग, चाकाला दोऱ्याची गाठ गुंडाळलेली. मी म्हणालो, घेऊन जातो आणि पंधरा दिवसांत आणून देतो.

“चालून राहिली नं,” अक्का म्हणाली. “कशाला हात लावतोस?”

मला वाटलं, भावाला त्रास नको म्हणून म्हणते. मी भाच्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मशीन उचलली. उचलेपर्यंत अक्काचा हात फळीवर होता. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावावा असं काही मनात आलं नाही. लवकर आण, एवढंच ती म्हणाली.

त्या मशीनवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्याच मशीनवर घेतली नाही. चाकाची गाठ कात्रीनं कापून टाकली. सुईखालच्या पत्रीवर लाखेचा एक थेंब वाळून बसला होता, तो ब्लेडनं खरवडला. फळीच्या कडेला बारीक बारीक खाचा होत्या. मला वाटलं, कात्री लागून पडल्या असतील. त्या भरून काढल्या, तीन वेळा घासलं, वर पॉलिशचे हात दिले. काचेसारखी फळी झाली. नवा पट्टा घातला, वेलबुट्टी काढली. मशीन चालवली तर आवाजसुद्धा येईना.

ठरल्याप्रमाणे नेऊन दिली. शेजारच्या बाया बघायला आल्या, वा वा झाली. अक्का मशीनपुढं बसली. तिनं फळीच्या कडेवरून हात फिरवला, परत फिरवला. चाकाच्या कडेनं बोटं नेली, पत्रीवर अंगठा टेकला.

“लई गुळगुळीत झाली,” ती म्हणाली.

मी ते कौतुक समजलो. चहा पिऊन खुशीत नांदेडला परतलो.

जयंतीला आम्ही सगळे जळकोटला गेलो. मुलींची ओळ निघाली तेव्हा अंगावरचे फ्रॉक बाजारचे होते, कोणाला ढगळ, कोणाला आखूड. मी अक्काच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, मशीन आल्यापासून आत्याबाई बसल्याच नाहीत, कंबर दुखते म्हणतात. मशीनवर जुनं लुगडं टाकून ठेवलेलं होतं.

मिरवणूक पुढं गेल्यावर मी घरी आलो. अक्का एकटीच बसली होती. मी लुगडं काढलं आणि विचारलं, काय बिघडलं सांग. ती आधी नाही म्हणत राहिली. मग तिनं माझा हात धरून फळीच्या कडेवर ठेवला. इथं चार बोटांवर एक खाच होती, ती पट्टीच्या मापाची, म्हणाली. त्याच्या पुढची बाहीची. ही दोन जवळजवळ, ती लहान पोरींच्या फ्रॉकची. पत्रीवरच्या लाखेला कापडाची कड टेकवली की शिवण सरळ जायची. चाकाची गाठ बोटाला लागली की सुई वर आलीय हे कळायचं. नजर जशी कमी होत गेली तशी तिनं एकेक खूण करून घेतली होती, कोणाला न सांगता. दोन वर्षांपासून तिला उजेड-अंधारापलीकडं काही दिसत नव्हतं.

“अक्का, मग मला सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं असतं तर शिवू दिलं असतं का तुम्ही?”

नसतंच दिलं. मीच पहिला म्हणालो असतो, बोटात सुई जाईल, आता बस झालं.

दुसऱ्या दिवशी मी गावातूनच कानस आणि पटाशी मागून आणली. म्हटलं, तू जागा दाखव, मी खाचा पाडतो. अक्का बसली. तिचं बोट फळीवर जायचं आणि मध्येच थांबायचं. इथं, म्हणायची, मग म्हणायची, न्हाई, थोडं अलीकडं. त्या खाचा तिनं थोडंफार दिसत असताना पाडल्या होत्या. पुढं हाताला त्यांची सवय झाली, जागा लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. शेवटी मी टेप लावून अंदाजानं पाडल्या. लाखेचा थेंब ठेवला, गाठ बांधली. तिनं उशीचा अभ्रा शिवून पाहिला. शिवण कडेच्या बाहेर गेली. दुसराही तसाच. तिसरा तिनं बोटांनी चाचपला, उसवला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

“राहू दे भाऊ.”

हे सगळं सून दारात उभी राहून ऐकत होती. तिनं भाच्याला सांगितलं. त्यात तिचं काही चुकलं नाही, तिला काळजी होती. पण त्या दिवसापासून घरातल्या कोणी अक्काला सुईजवळ जाऊ दिलं नाही. आधी मी खुणा घालवल्या, मग विचारून विचारून तिचं गुपितही घालवलं.

पावसाळ्यात अक्कानंच सांगितलं, मशीन शिवणाऱ्या हातात दे, इथं गंजून जाईल. भोकरला एका बाईनं नुकतीच ब्लाउज शिवायला सुरुवात केली होती, तिला दिली. पुढं पट्टा सैल झाला म्हणून तिनं एकदा बोलावलं. फळी किती छान आहे, रेशमाचा धागासुद्धा अडकत नाही, असं ती कौतुकानं सांगत होती. मी पट्टा आवळला आणि निघालो. खाचा कुठं गेल्या असं मी तिला विचारलं नाही. तिनं त्या कोणाकडून तरी पुन्हा घासून घेतल्या असणार.

अजून मशिनी येतात. हात लावायच्या आधी मी मालकाला एकेक डाग दाखवून विचारतो, हा कसला, तो कसला. लोक हसतात. मुखेडचा एक टेलर म्हणाला, सर, उंदरानं कुरतडलंय ते, त्यात काय विचारायचं. तरी मी ती फळी तशीच ठेवली.

रविवारी मी अक्काला फोन करतो. हातात कुठली मशीन आहे ते ती हटकून विचारते आणि मी सगळं सांगतो. परवा तिनं विचारलं, एवढ्या मशिनी नीट केल्यास, कधी एखादं झबलं तरी शिवलंस का? मी म्हणालो, चिंधीवर टाका बघतो तेवढंच, मला शिवता कुठं येतं.

“माझ्या घरी व्हतास तवा शिकला असतास,” ती म्हणाली. “मी शिकवलं असतं.”

मी हं म्हटलं. मग तिनं फोन सुनेकडं दिला.