मागच्या जागेचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीत माझी ओळख भांडखोर बाई अशी आहे आणि ती मला मान्य आहे. गोड बोलून बघायचं वय माझं केव्हाच उलटून गेलं. शिवाय गोड बोलणाऱ्यांचं या शहरात काय होतं ते मी रोज बघते. त्यांना चहा मिळतो, टाळ्या मिळतात, आणि त्यांनी आखलेल्या बागेच्या जागी गाड्या उभ्या राहतात.

शहरातल्या मोकळ्या जागांचे आराखडे करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ऊन वाढत चाललंय, पाऊस एकदम कोसळतोय, तेव्हा बाग नुसती दिसायला सुंदर असून भागणार नाही. तिने सावली धरली पाहिजे, पाणी पोटात घेतलं पाहिजे. हे मी कुर्ल्यापासून बोरीवलीपर्यंत किती सभागृहांत, एसीच्या गारव्यात बसलेल्या किती माणसांना सांगितलं असेल! सगळे माना डोलावतात. माझ्या स्वतःच्या सोसायटीने मात्र मला हात वर करून पाडलं.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी, चार मजल्यांची इमारत आहे. तळमजल्यावर बाबा राहतात, तिसऱ्या मजल्यावर मी. बाबा कुडाळकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले, आणि त्या पगारावर हे घर घेतलं. आई गेल्यावर मी त्यांना वर चला म्हणून किती विनवलं. 'माझ्या घरात मी झोपतलंय,' एवढंच त्यांचं उत्तर. त्यांच्या खिडकीमागे सोसायटीची मोकळी जागा आहे. एक फणस, एक जांभूळ, भिंतीकडेला अळू आणि कर्दळ, आणि मधे नुसती माती. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, बायका पापड वाळत घालतात. बाकी कुणाला त्या जागेचं कौतुक नव्हतं. आम्ही तिला मागची जागा म्हणायचो, बाग नाही.

इमारतीच्या पुढची जागाही आधी अशीच होती. मग कमिटीने तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. लाल-पिवळे, नक्षीचे. उद्घाटनाला पेढे वाटले. पहिल्याच मोठ्या पावसात ते सगळं पाणी त्या गुळगुळीत नक्षीवरून घसरत आलं आणि बाबांच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात पाणी आलं. त्यानंतर दर पावसाळ्याआधी आम्ही त्यांच्या पलंगाच्या पायांखाली विटा लावायला लागलो. तांदळाचा डबा माळ्यावर, देवांचा फोटो खिळा ठोकून उंच. उंच पलंगावर चढताना बाबांना माझा हात धरावा लागायचा आणि त्या हाताचा त्यांना राग यायचा. तरी घर टिकून होतं, कारण आत आलेलं पाणी मागच्या दाराने बाहेर पडून मातीत जिरायचं.

आणि आता कमिटीला मागची जागाही हवी होती.

चेअरमन देवगडचे, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगती त्यांनीच सांभाळल्या होत्या. पण मुलाने त्यांना नवी गाडी घेऊन दिली होती आणि पुढे जागा उरली नाही म्हणून ती रस्त्यावर उभी असताना कुणीतरी ओरखडा काढला होता. तेव्हापासून त्यांना मागच्या मातीत फक्त गाड्या दिसायला लागल्या.

रविवारी सकाळी मीटिंग झाली. मी माझा आराखडा घेऊन गेले. मागची जागा मधे परातीसारखी थोडी खोलगट करायची, पुढचं पाणी चर काढून तिच्यात आणायचं, कडेने झाडं वाढवायची. पावसाळ्यात ती पाणी पिईल, उन्हाळ्यात सगळ्यांना सावलीत बसता येईल. हे सांगायला मला ऑफिसात पैसे मिळतात. इथे मी फुकट सांगत होते, म्हणून असेल, कुणी ऐकेना.

'अगं, पण चिखल होतो ना गं,' चेअरमन म्हणाले. 'पेव्हर टाकले की स्वच्छ. गार्डनसुद्धा करतोय आपण. कडेने कुंड्या, आणि भिंतीला तो हिरवा गालिचा.'

'प्लॅस्टिकचा?'

'मेंटेनन्स नाही त्याला.'

'दादा, प्लॅस्टिकला पाणी घालायला लागत नाही हे मला माहीत आहे. पण बाबांच्या घरात पाणी भरलं की त्या गालिच्याने पुसू का?'

'हे बघ, तू पर्सनल नको करूस.'

'पर्सनलच आहे! तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. पाणी माझ्या बापाच्या पलंगाखाली येतं.'

कुणीतरी हसलं, कुणीतरी 'चला, व्होटिंग घ्या' म्हणालं. माझ्या बाजूने जेमतेम चार हात वर गेले. बाकीचे सगळे त्यांच्या बाजूला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही हात वर केले, कारण चेअरमनना नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. मी समोशाची बशी तशीच ठेवून निघून आले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप.

बाबा दारातच बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी नुसती खुर्ची मागे सरकवून मला आत जायला वाट दिली, आणि त्याने मी आणखी चिडले. बाबांना कुणाकडे काही मागता येत नाही. कारखान्यात पगारवाढ मागायला सगळे गेले तेव्हासुद्धा हे गेटाबाहेर उभे राहिले होते म्हणे.

मात्र देवाकडे मागायचं असलं की हाच माणूस वेगळा व्हायचा. आमच्या इमारतीत निम्मी घरं कोकणातली. कुठलंही काम सुरू करायचं तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ही इथली रीत, मग ती पाण्याची नवी टाकी असो नाहीतर गणपतीचा मंडप. एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान कायम बाबांचा. आमच्या खजिनदार गुजराती आहेत, पण इतकी वर्षं इथे राहून त्यांचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने निघतो.

तर पेव्हर टाकायच्या दिवशीही नारळ आला. फाटकाबाहेर ब्लॉकने भरलेला ट्रक उभा, कामगार फावडी घेऊन तयार, फणसाखाली पाट मांडलेला. मी जाणारच नव्हते. पण चेअरमननी बाबांना बोलावणं पाठवलं आणि त्यांना एकटं सोडवेना, म्हणून हात धरून घेऊन गेले. ज्या कामाने त्यांच्या घरात शिरलेलं पाणी आतच तुंबणार त्याच कामाला त्यांनीच आशीर्वाद मागायचा! आणि यातलं काही चेअरमनच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो बाबांचा मान होता.

बाबांनी हात जोडले, घसा खाकरला. 'बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा...' आणि थांबले. पुन्हा खाकरले. सगळे वाट बघत होते. मग त्यांनी पाटावरचा नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

'तू घाल.'

'मी?' गाऱ्हाणं बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिथे जमलेल्यांपैकीही कुणी ऐकलं नसावं.

'अहो, काका, असं कसं...' चेअरमन म्हणाले.

'माझो घसो बसलो हा,' बाबा म्हणाले. 'घाल गो.'

मालवणी मी घराबाहेर बोलत नाही. शाळेत पोरं हसायची म्हणून लहानपणीच सोडली. पण बाबांचं गाऱ्हाणं मी जन्मभर ऐकत आले होते. चाल पाठ होती, थांबायचं कुठे तेही पाठ होतं. मी नारळ छातीशी धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

'बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'ह्या जमिनीन आजपर्यंत सगळ्यांचा पाणी पोटात घेतल्यान. हेच्यापुढे पण तिका उघडीच ऱ्हवांदे रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

सगळे म्हणाले. खजिनदारबाई सगळ्यांत मोठ्याने. चेअरमनचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि त्यांच्याही तोंडून ते निघून गेलं. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाण्यात आवाज चढला की तोंड आपोआप उघडतं. मी श्वास घ्यायलाही थांबले नाही.

'तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या घरात पाणी शिरांदे नको रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'ह्या जमिनीर फरशी घालूचो इचार ज्येंच्या मनात इलो, त्येंच्या मनातसून तो काढून टाक रे म्हाराजा!'

'व्हय म्हा...' इथे काही आवाज अडखळले. चेअरमननी डोळे उघडले.

'आणि गाडयेवाल्यांका गाडयो लावूक दुसरी जागा दाखव रे म्हाराजा!'

यावर 'व्हय म्हाराजा' म्हणणारे थोडेच होते, हसणारे जास्त. मी नारळ दगडावर आपटला. तो एका दणक्यात फुटला.

'ही चीटिंग आहे!' चेअरमन कडाडले. 'देवाच्या नावावर राजकारण करतेस? ठराव पास झालाय!'

'झालाय ना? मग घाला फरशी. आत्ता तुम्हीच देवाला काय म्हणालात तेवढं आठवा आणि घाला.'

'ते काय कायद्याने धरतात काय?'

'मी देवासमोर व्हय बोलली आहे,' खजिनदारबाई मधेच म्हणाल्या. 'आता मी चेकवर सही नाय करणार. तुम्हाला पाहिजे तर दुसरा खजिनदार बघा.'

मग जी जुंपली ती जुंपली. एक जण म्हणाला, देवाला फसवलं तर घरात काहीतरी होईल. दुसरा म्हणाला, काहीही होत नाही, पण उगाच कशाला रे यार. मीटिंगमध्ये चेअरमनना नाही म्हणायला घाबरलेली माणसं आता देवाला नाही म्हणायला घाबरत होती, आणि मी त्या भीतीचा फायदा घेतला. मला त्याची जराही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. शहाणपणाच्या गोष्टी, नकाशे, उतार, सावल्या, सगळं मी त्यांच्यासमोर मांडून बघितलं होतं. कामगारांनी खोबरं खाल्लं, कंटाळले आणि ट्रक घेऊन दुसऱ्या साइटवर गेले.

परत येताना मी बाबांना विचारलं, 'घसा खरंच बसला होता?'

'माझ्या घरासाठी माका मागूक लाज वाटता,' ते म्हणाले. 'तुका खंयची लाज!' आणि त्यांनी खणखणीत आवाजात शेजारच्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर पुन्हा मीटिंग झाली, पुन्हा भांडणं झाली. गाड्या पुढच्याच जागेत तिरक्या लावल्या तर जास्त मावतात हे अखेर चेअरमननीच शोधून काढलं, आणि मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मागची जागा आम्ही परातीसारखी खोलगट केली. पुढून चर काढला. मी ऑफिसातल्या माणसांना जे चित्रात दाखवते ते इथे हातात घमेलं घेऊन केलं. चेअरमन गॅलरीतून बघत राहिले आणि मग एक दिवस काही न बोलता कढीपत्त्याचं रोप आणून ठेवून गेले.

पावसाळ्यात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला. रस्त्यावर गुडघाभर पाणी झालं. मी धावत खाली आले. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पुढचं सगळं पाणी चरातून खळाळत मागे येत होतं आणि फणसाखालच्या खोलगट भागात साठत होतं. अळूची पानं त्यात डुलत होती. पाणी कडेपर्यंत आलं, तिथेच थांबलं, आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू खाली गेलं. उंबरा कोरडा होता. मी उंबऱ्यावर हात फिरवून बघितला आणि तिथेच बसून रडले.

'रडतंस कित्या? विटा काढ,' बाबा म्हणाले.

आम्ही पलंग उचलून चारही पायांखालच्या विटा काढल्या. त्या विटा मी कढीपत्त्याच्या आळ्याला लावल्या. बाबा त्या रात्री कुणाचा हात न धरता पलंगावर बसले.

आता नवी कमिटी आली आहे. फळ्यावर नोटीस लागली आहे: 'मागील जागेचे सुशोभीकरण व पार्किंग'. नवे चेअरमन तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी आधीच जाहीर केलंय की या वेळी नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, थेट काम सुरू होईल.

बाबा आता फार चालू शकत नाहीत. पण त्यांचा पलंग जमिनीवर आहे आणि तो तिथेच राहणार आहे. ट्रक ज्या दिवशी फाटकात येईल त्या दिवशी मी फणसाखाली पाट मांडून उभी असेन. नारळ मी माझा आणून ठेवला आहे.