जुनं इंजिन गळतंच

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. बायकोकडेही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

गोडदेवला माझं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. सगळ्या गाड्या करतो, पण जीव लांब, बुटक्या क्रूझर गाड्यांवर. त्यातही जुन्या धाटणीच्या इंजिनावर — व्हीच्या आकारात दोन सिलिंडर, हवेनंच थंड होणारी, ना रेडिएटर ना कॉम्प्युटर. घाई नाही, आरडाओरडा नाही. टॉप गिअरमध्येही चढावर सहज ओढतं. बिघडलं तर रस्त्याकडेला बसून चार पान्यांत दुरुस्त. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हेच ऐकवायचो. एकदा तोंड सुरू झालं की थांबत नसे — आणि तिथंच तर...

थांबा. आधी जगदीशबद्दल सांगतो.

जगदीश मुर्ध्याचा. वडील मिठागरावर राबले, तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. माझ्या शब्दावर त्यानं तसली एक जुनी क्रूझर घेतली. त्याच्या बायकोला, सुनंदाला, कंबरेचं दुखणं होतं; उंच सीटवर तिला चढता येत नसे. या गाडीची सीट बुटकी, ऐसपैस. दर रविवारी दोघं उत्तनला तिच्या बहिणीकडे जायची. मुलगी केतकी कुरकुरायची, "बाबा, नवी गाडी घ्या ना." तो हसून माझ्याकडे बोट दाखवायचा.

त्या रविवारी सकाळी मी त्याच्या गाडीचं ऑइल बदलत होतो. इंजिनाखालचा, ऑइल काढायचा बोल्ट हातानं फिरवून बसवला. पाना लावून आवळायचा होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं — "ये पुराना इंजन अच्छा है क्या?" झालं. मी उठलो, हात पुसले आणि अर्धा तास त्या इंजिनाचे गुण सांगत राहिलो. मग नवं ऑइल भरलं, जगदीशला चावी दिली. बोल्ट — राहिला.

उत्तनच्या रस्त्यावर, वळणाशी, तो बोल्ट गळून पडला. सगळं ऑइल मागच्या टायरवर. गाडी घसरली. जगदीशची मांडी मोडली. सुनंदा जागीच गेली.

टेम्पोत घालून गाडी माझ्याकडेच आणली. मी खाली वाकलो. रिकामं भोक दिसलं. काय केलं मी? डब्यातला दुसरा बोल्ट काढला, बसवला — आणि या वेळी पाना लावून घट्ट आवळला. हात थरथरले असं म्हणायला हवं ना? नाही थरथरले.

पोलिसांनी विचारलं. मग हॉस्पिटलात, पाय टांगलेल्या जगदीशनं विचारलं, "भाऊ, येवरं तेल आलं कुठून?"

"जुनं इंजिन आहे रे," मी म्हणालो. "जुनं इंजिन गळतंच."

ते कधी एक थेंबही गळलं नव्हतं.

केतकी तिथंच उभी होती. बापाकडे न बघता म्हणाली, "तुमच्या हौसेपायी आई गेली." त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही. स्वतःच्या लग्नाला बोलावलं नाही. नात झाली, तेही त्याला बाहेरून कळलं. हे सगळं मला माहीत होतं. प्रत्येक वेळी, त्याच वेळी. मी केतकीला फोन करू शकत नव्हतो का?

गाडी त्यानं माझ्याकडूनच खोलून घेतली, भंगारात घालायला. तेल अडवणारी गॅस्केट शाबूत, सील शाबूत. निर्दोष इंजिन. मी ते सुटं सुटं करून पोत्यात भरलं.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात जगदीश काठी टेकत गॅरेजवर आला. स्टुलावर बसला. काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "पोर बरोबर बोलली, भाऊ. मीच मारली सुनंदाला."

तेव्हा सांगता आलं असतं. एकच तर वाक्य — बोल्ट मी आवळला नव्हता. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं का? खरं सांगू? नव्हतं आलं.

मी विचारलं, "चहात साखर कमी सांगू का?"

त्यानं मान हलवली. चहा प्यायला. निघताना माझे दोन्ही हात हातात घेतले. "सगली तुटली. तूच येकटा रायलास."

मी हात सोडवून घेतले नाहीत.