सासरचा अमेरिकन वकील

नागपूरहून निघाले तेव्हा बाबा काळ्या कोटातच विमानतळावर आले होते, कोर्टातून थेट. बाकी सगळे रडत होते आणि ते बजावत होते, "तुझी खोली तशीच ठेवतो. दोन वर्षांत परत ये म्हणजे झालं." त्या दोन वर्षांची किती झाली ते विचारू नका. तुम्हीही बाहेर असाल तर तुमचंही असंच झालं असेल.

आता इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये मी, माझा इंग्लिश नवरा टॉम आणि कचऱ्याचे बिन्स कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचे ही चिंता. टॉमच्या आत्याने रिटायर झाल्यावर घराण्याचा शोध घेतला आणि एक पूर्वज काढला. अमेरिका अजून इंग्रजांची होती तेव्हा बॉस्टनला वकिली शिकलेला. कॉलेज नाही, एका वकिलाच्या ऑफिसात झाडलोट करत, कागद उतरवत. तिथे स्वातंत्र्याची लढाई पेटल्यावर इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली म्हणून जीव मुठीत धरून लंडनला आला.

टॉमला त्याचं फारसं काही नाही. बाबांनी मात्र त्या वकिलाला आपलंच मानलं, कारण तेही सीनियरची बॅग उचलत शिकलेले. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आधी त्याची चौकशी, मग माझी.

"त्याची सनद लंडनला चालली का गं?"

"नाही, बाबा. परत कोर्टात उभाच राहिला नाही. लढाई संपली की घरी जातो म्हणत राहिला आणि इथेच वारला."

पण त्याचं घर कोणतं? राजा इथला, भाषा इथली, जन्म तिकडचा. मी नागपूरला गेले की टॉमला विचारते, घरी सगळं ठीक ना? इथे आले की बाबांना तेच विचारते. दोन्ही खरं कसं असेल, मला खरंच कळत नाही.

बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. घर विकून दादाकडे पुण्याला जायचंय त्यांना; अडलंय फक्त माझ्यासाठी. मला ते कधीच सरळ विचारत नाहीत. परवा म्हणाले, "त्या माणसाचं तिकडचं घर कोणी सांभाळलं?"

"जप्त झालं."

"हे त्याला माहीत होतं?"

"हो."

"तरी परत जातो म्हणायचा?"

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही विका घर."

 बाबा म्हणाले, "घाईत नको. नीट विचार करून सांग. मी थांबतो."

आणि 'विका' हा शब्द मला दुसऱ्यांदा उच्चारता आला नाही.