सुभेदारमामांची खिंड

दिवाळीत गागोद्यातली पोरं किल्ले करायची; आमच्या अंगणात मात्र साठीचे सुभेदारमामा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून खिंड करायला बसत.

मामा आमच्या नात्यातले नव्हेत. माझा धाकटा भाऊ दत्तू फौजेत त्यांच्या हाताखाली होता, आणि हिमालयातल्या एका खिंडीच्या लढाईत तो गेला. निवृत्तीनंतर मामा अष्टमी गावात राहायचे. दर दिवाळीआधी एसटीने यायचे, वाटेत पेणच्या मूर्तिकाराकडून उरलीसुरली शाडूमाती मागून घ्यायचे.

"खिंड म्हणजे उंबरा. तो ज्याच्या ताब्यात, खालचं अख्खं खोरं त्याचं," ते माती थापता थापता सांगत. "आधी व्यापाऱ्यांची खेचरं गेली, मग राजांच्या फौजा, मग आम्ही. आपल्याकडून चढ उभा, त्यांच्याकडून सोपा. सगळं दुखणं तिथंच." मी भूगोलाची मास्तरीण. एकदा म्हटलं, "मामा, प्रमाण चुकलंय. एवढी उंच नसते खिंड." म्हणाले, "तू पुस्तकातनं चढलीस, बाय. मी पाठीवर ओझं घेऊन चढलो. ही एवढीच उंच हाय."

एवढं सगळं करून शेवटच्या वळणावर ते भसकन चुना ओतायचे. बर्फ म्हणे! आये दरवर्षी विचारायची, "यात माझा दत्तू कुठं हाय वो?" की मामांना लगेच चहा हवा असायचा. मला भारी राग यायचा. अख्खा डोंगर उभा करतो माणूस, आणि एक जागा दाखवत नाही?

मामांचे हात थरथरायला लागले त्या वर्षी आयेनं काही विचारलंच नाही. गुपचूप चहा आणून ठेवला. मामांनी तो घेतला नाही. बोटानं चुना खरवडला.

"इथं, आई. टेहळणीला मीच पुढं धाडला त्याला. म्हणून सांगायला तोंड नव्हतं."

आये त्या वळणापाशी खाली बसली. मग म्हणाली, "घरातनं तर मीच धाडला ना, सुभेदार." किल्ल्यांवर पेरतात ती मोहरी तिनं वाटीतून घेतली.

"तिथं काय उगवत नाय, आई."

"माझ्या अंगणात उगवतं," म्हणत तिनं चिमूटभर मोहरी वळणावर पेरली. मामा लहान पोरासारखे रडले. मीही रडले.

पुढच्या दिवाळीला मामा नव्हते. आता आयेही नाही. खिंड मीच करते. चढ मला अजून जमत नाही. मोहरीची पहिली चिमूट दत्तूच्या वळणावर. दुसरी जरा खाली, मामा त्याची वाट बघत थांबले असतील तिथं.