दादाच्या झोपेचा आलेख

त्या वर्षी दिवाळीनंतर दादा थळला घरी रजेवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या. तो परदेशी मार्गावरच्या जेट विमानांवर सहवैमानिक होता आणि शिमग्याच्या सुमारास मुख्य वैमानिकाच्या पदासाठी त्याची निवड व्हायची होती. आईने ही बातमी आळीत आधीच वाटून टाकली होती. वह्या मात्र दुसऱ्याच कामाच्या होत्या, आणि ते काम त्याने माझ्यासाठी राखून ठेवले होते.

मी तेव्हा भौतिकशास्त्राची पदवी घेऊन एका वेधशाळेत नोंदी तपासण्याचे काम करीत होते. पुढे संशोधनाला जायचे हे माझ्या मनात ठरलेले होते. इतरांच्या मनात ते ठरायला थोडा वेळ लागणार होता, इतकेच. दादाला हे ठाऊक असल्यामुळे त्याने प्रस्तावना केली नाही. पडवीत बसून त्याने प्रश्न मांडला.

पंख्याच्या विमानांच्या काळात लांबच्या मार्गावर तीन वैमानिक असत. दोघांनी चालवायचे, तिसऱ्याने मागे जाऊन पाठ टेकायची, आणि पाळी फिरत राहायची. जेट आले, प्रवासाचे तास घटले, आणि तिसरा माणूस कशाला, असा प्रश्न कंपनीच्या कचेरीत निघाला. चाचणी म्हणून काही फेऱ्या दोघांवरच सुरूही झाल्या होत्या. वैमानिकांनी हरकत घेतली. कचेरीने उत्तर दिले की, उड्डाणाचे तास नियमात बसतात आणि दोन माणसांच्या फेरीत कोणी थकल्याची एकही लेखी नोंद नाही. तक्रार म्हणजे मोजमाप नव्हे.

शेवटचे वाक्य मला पटले आणि तसे मी बोललेही. दादा हसला. म्हणाला, "म्हणून तर तुझ्याकडे आलो. मोजून दे."

जागरण मोजणे सोपे होते. वह्यांत त्याने झोपण्या-उठण्याच्या आणि उड्डाणाच्या वेळा टिपल्या होत्या. आलेखाच्या कागदावर झोपेचे पट्टे काळ्या शाईने आणि उड्डाणाचे तांबड्या शाईने काढले की झाले. प्रश्न थकव्याचा होता. मी दादाला विचारले, मुंबईहून निघून कैरोला उतरताना तुला थकल्यासारखे वाटते का? तो म्हणाला, छे, अगदी ताजा असतो. आणि हे सांगताना तो दोन दिवसांची झोप भरून काढून नुकताच उठला होता.

ज्याचे मोजमाप करायचे त्यालाच त्याचे माप विचारणे ही पद्धत टाकाऊ होती. दुसरी पद्धत मला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सापडली.

किनाऱ्याजवळ एक म्हातारे तांडेल राहत. खांदेरी बेटाच्या पलीकडे मासेमारीला जाणाऱ्या होडीचे ते प्रमुख होते आणि त्यांची होडी तीन-तीन दिवस समुद्रात राही. दादा लहानपणी शाळा बुडवून त्यांच्याजवळ जाळी विणायला बसे. जाळ्याची गाठ तो पाढ्यांच्या आधी शिकला, हे आमच्या घरातले जुने दुःख होते. मी त्यांना विचारले की, सुकाणूवरचा माणूस थकला हे तुम्ही कसे ओळखता?

ते वाळत घातलेले बोंबील उलटत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला इचारायचा न्हाय गो. थकलेला मानूस कवाच हो म्हनत न्हाय. त्याच्या हातान सुई द्यायची."

त्यांच्या होडीवरची रीत अशी होती. सुकाणूवरच्या माणसाबद्दल शंका आली की दुसरा क्षणभर सुकाणू धरी आणि त्याच्या हातात जाळे विणायची लाकडी सुई दिली जाई. माप घ्यायची पट्टी द्यायची नाही. नुसत्या बोटांच्या अंदाजाने जाळ्याची पाच घरे विणायची. घरे सारखी आली तर सुकाणू परत. लहान-मोठी आली, गाठ घसरली, तर तिथेच थांबून मुकाट्याने जाऊन झोपायचे. यावर वाद नाही. मी विचारले, यात अपमान वाटत नाही का कोणाला? ते म्हणाले, "अपमान कसला? मागं मीबी झोपलोय की. दुसरे दिशी सुकानू परत त्याच्याच हातान."

मला जे हवे होते ते हेच होते: बोलण्यावर अवलंबून नसलेली, फूटपट्टीने मोजता येणारी खूण. दादाने सुई आणि सुताचा गुंडा उड्डाणाच्या बॅगेत टाकला. ठरले असे की प्रत्येक फेरीत उतरल्यावर, हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकताच त्याने पाच घरे विणायची, तुकड्याला चिठ्ठी बांधायची आणि मगच बूट काढायचे. त्याचे सहकारी त्याला मासळीचा भाव विचारू लागले. त्याने तोही सांगितला, पण विणणे सोडले नाही.

एका माणसाच्या हातावरून सर्वांबद्दल निष्कर्ष निघत नाही, हे मला कळत होते. पण कचेरीच्या विधानाचा अर्थ 'कोणीही थकत नाही' असा होता, आणि तसले विधान मोडायला एक उदाहरण पुरते.

अडीच महिन्यांत तुकड्यांची एक पिशवी भरली. मी प्रत्येक घराच्या चारही बाजू मोजल्या आणि किती जागरणानंतर किती फरक पडतो ते मांडले. आलेख बहुतेक ठिकाणी नीट चढत गेला, पण काही तुकडे त्यात बसेनात. माझ्या हिशेबाने पंधरा तासांच्या जागरणानंतर विणलेले दोन तुकडे होते. एक परतीच्या वाटेवरचा: घरे सारखी, गाठी घट्ट. दुसरा मुंबईहून निघून कैरोला उतरल्यावरचा: घरे तिरकी, दोन गाठी सुटलेल्या. असा एकच तुकडा असता तर मी तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला असता, आणि ती चूक कायमची लपली असती. पण मुंबईहून निघालेल्या फेऱ्यांचे सगळेच तुकडे अपेक्षेपेक्षा वाईट होते. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्या. त्यांना दिशा होती. चुकीला दिशा असली की तिला कारण असते.

आधी सुताचा संशय घेतला. ते भिजवले, वाळवले. फरक पडला नाही. मग पुढच्या रजेत दादा आला तेव्हा मी त्याला पडवीत बसवून साधा प्रश्न केला: तू झोपण्याची वेळ कशी लिहितोस?

"घड्याळात बघून."

"कोणत्या?"

त्याने मनगट पुढे केले. ते घड्याळ ग्रीनिच वेळेवर लावलेले होते, सर्व वैमानिकांचे तसेच असे. मी समाधानाने मान हलवणार एवढ्यात तो म्हणाला, "पण झोपताना ते मी काढून ठेवतो. झोपेच्या वेळा टेबलावरच्या घड्याळाच्या."

उड्डाणाच्या वेळा ग्रीनिचच्या, झोपेच्या वेळा जिथे असेल तिथल्या, आणि मी दोन्ही ग्रीनिचच्याच धरून चालले होते. आमच्या वेधशाळेत ग्रीनिचखेरीज दुसऱ्या वेळेत लिहिणे म्हणजे चपला घालून देवघरात जाणे. त्यामुळे कोणी तसे करील ही शंकाही मला शिवली नव्हती. चूक वैमानिकाच्या सवयीतून निघाली होती आणि वेधशाळेच्या सवयीने ती जपली होती. मुंबईतली त्याची प्रत्येक झोप मी साडेपाच तास पुढे सरकवली होती. माझ्या कागदावर तो दुपारपर्यंत झोपून रात्रीच्या विमानावर जात होता. प्रत्यक्षात तो सांताक्रूझच्या बिऱ्हाडी सकाळी आठला उठे. दिवसा तिथे झोप येणे अशक्य. कैरोला तो पंधरा नव्हे, साडेवीस तासांचा जागा उतरत होता. आणि चाचणीच्या ज्या फेऱ्या कैरोला मुक्काम न करता पुढे जात, त्यांत रोमपर्यंतचा टप्पाही त्यालाच चालवावा लागे.

सगळे पट्टे पुन्हा काढले. हट्टी तुकडे आपोआप आलेखात जाऊन बसले. माझ्या चुकीने थकवा कमी दिसत होता; ती दुरुस्त झाल्यावर वैमानिकांची बाजू अधिक भक्कम झाली. उड्डाणाचे तास नियमात होते यात शंका नव्हती. मोजायला हवे होते ते उठल्यापासूनचे तास.

आता खरी अडचण आली. कचेरीपुढे तुकडे ठेवायचे तर ते कोणाच्या हातचे हे सांगावे लागणार, आणि मुख्य वैमानिकाच्या निवडीचे कागद त्याच कचेरीत होते. मी सुचवले की चिठ्ठ्यांवर नाव न घालता 'एक वैमानिक' असे लिहू. शास्त्रीय नोंदीत ते चालते. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, निवड होऊ दे, मग दे काय द्यायचे ते.

दादाने सुटलेल्या गाठीचा तुकडा बोटांत फिरवला. "नाव नसेल तर ते म्हणतील कुणी पोराने विणलंय. आणि आई, तांडेल कुणाच्या पाठीआड सुई देत नाहीत." त्याने प्रत्येक चिठ्ठीवर सही केली. नुकतेच सुचवलेले नाव गाळण्याचे शास्त्र मी गुपचूप मागे घेतले.

कचेरीतल्या बैठकीनंतर तो लाँचने रेवसला उतरला. मी त्याला घ्यायला धक्क्यावर गेले होते आणि बसमध्येच त्याने मला सगळे सांगितले. अधिकाऱ्याने आलेख पाहिला, मग जाळ्याचा तुकडा उजेडाकडे धरून विचारले, हे कोणाचे? दादा म्हणाला, माझे. पुढचा प्रश्न येणारच होता: अशा हातांनी तुम्ही विमान चालवलेत?

"मी काय सांगणार? म्हटलं, होय. चालवलं, आणि तेव्हा मला ते कळलंही नाही. म्हणून तिसरा माणूस हवा."

आठवड्याभरात पत्र आले. रोमपर्यंत सलग जाणाऱ्या फेऱ्यांवर तिसरा वैमानिक परत नेमला गेला. छोट्या फेऱ्या दोघांवरच राहिल्या. दुसऱ्या पत्रात दादाची निवड पुढच्या यादीपर्यंत थांबवल्याचे कळवले होते, कारण दिलेले नव्हते. आईने दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलणे ठेवले. मला वाईट वाटले, पण आपण चुकलो असे वाटले नाही. आलेख मी तीनदा तपासला होता.

पुढच्या यादीत त्याचे नाव आले. मुख्य वैमानिक म्हणून पहिल्या फेरीवरून परतल्यावर तो घरी न येता आधी तांडेलांकडे गेला, आणि मी त्याच्यामागून. अरबी समुद्र ओलांडताना सूत घेऊन बसलो, पाचापैकी तिसरे घर बिघडले, तशी खुर्ची तिसऱ्या वैमानिकाला देऊन मागे जाऊन झोपलो, असे त्याने सांगितले. एखादा पराक्रम सांगावा तसे. तांडेलांनी तुकडा हातात घेऊन निरखला आणि विचारले, "तिसराच बिघडला, तर चौथा का इनलास मंग?"

मी वही काढली. एव्हाना प्रत्येक पानावर मी एक नवा रकाना आखलेला असे: कोणते घड्याळ. दादाला विमानात झोपण्या-उठण्याच्या वेळा विचारल्या आणि त्या रकान्यात लिहिले, मनगटी. झोप दोन तास चाळीस मिनिटे.