पाठमोरे उत्तर

उंची मोजण्याआधी कडूबाई प्रत्येक गरोदर बाईचा अंबाडा स्वतःच्या हाताने सोडत. अंबाडा असला की पट्टी डोक्यावर नीट टेकत नाही, हे कारण शास्त्रीय होते. मोजून झाल्यावर मात्र त्या बाईला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि तो अंबाडा सावकाश पुन्हा बांधून देत. याला माझ्या नियमावलीत जागा नव्हती. एका बाईमागे पाच मिनिटे वाया जातात, असे मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सुनावले.

पाचोडजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. मी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका संशोधन संस्थेत नुकतीच रुजू झाले होते. आईची उंची, वजन आणि आहार यांचा बाळाच्या जन्मवजनाशी असलेला संबंध तपासायचा, आणि जिचा आहार अपुरा दिसेल तिचे नाव पूरक आहाराच्या यादीत घालायचे, असे काम होते. आहाराचे प्रश्न मी विचारी. सासू दाराशीच बसलेली असे. बायका सांगत, दोन भाकरी, वरण, भाजी. मी लिहून घेई.

"घरात काय शिजलं ते तुमच्या कागदावर आलंय, मॅडम," कडूबाई एकदा म्हणाल्या. "बाईच्या पोटात काय गेलं ते ती पाठमोरी झाल्यावर सांगती. तोंडासमोर कोण खरं बोलतंय?"

केस विंचरताना त्या हलकेच विचारत, काल काय खाल्लं गं? मिळालेले उत्तर एका जुन्या वहीत उतरवून ठेवत. मला त्या वहीचे कौतुक होते. पुरावा म्हणून मात्र मी ती मोजत नव्हते.

छाया एकोणीस वर्षांची, ठेंगणी, पहिलटकरीण. माझ्या कागदावर तिचा आहार पुरेसा होता. कडूबाईंच्या वहीत सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि ठेचा, रात्री काही नाही. जास्त खाल्ले तर लेकरू मोठे होते, सुटका अवघड जाते, असे सासूचे म्हणणे होते. यादी शुक्रवारी जायची होती. गुरुवारी मी निघताना कडूबाईंनी वही माझ्या पिशवीत सारली आणि छायाचे पान दुमडले आहे, तेवढे तरी आज बघा, असे बजावले.

मी ते त्याच संध्याकाळी बसमध्ये वाचले. एक उत्तर बदलायचे तर सगळ्याच बायकांना पुन्हा विचारावे लागले असते, आणि माझे पहिले सादरीकरण पंधरा दिवसांवर आले होते. यादी होती तशीच गेली.

बाळ एक किलो आठशे ग्रॅमचे झाले. कित्येक दिवस काचेच्या पेटीत राहून वाचले. कडूबाईंनी मला विचारले, "वही मी उशिरा दिली व्हय?"

मी हो म्हणाले. यादी आधीच गेली होती, असेही वर सांगितले. त्यानंतर त्या दर वेळी वही आठवडाभर आधी, कधी भर उन्हात दोन किलोमीटर चालत बसथांब्यावर येऊन, मला आणून देऊ लागल्या. अहवालात छायाच्या क्रमांकापुढे मी कारण लिहिले, मातेची उंची कमी. ते खोटे नव्हते. उंची कोणालाच बदलता आली नसती, म्हणून ते मला सोयीचे होते.

गेल्या वर्षी कडूबाई निवृत्त झाल्या, तेव्हा मी मुद्दाम गेले. एव्हाना मी प्रकल्पप्रमुख झाले होते. निरोपाचे हार, पेढे आटोपल्यावर त्यांनी मला उंचीच्या पट्टीखाली बसवले. "केसांची काय दशा केली लेकी," असे म्हणत त्यांनी माझी पिन काढली. इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच लेकी म्हणाल्या. मग हसून विचारले, "काल काय खाल्लं गं?"

समोर नुसती भिंत होती.

"वही वेळेत मिळाली होती," मी म्हणाले. "छायाचं पान मी वाचलं होतं."

केसांतली बोटे थांबली. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू लागली. त्यांनी अंबाडा पुरा बांधला, पिन जागच्या जागी खोचली.

"झालं, मॅडम," त्या म्हणाल्या. "उठा."