भाच्याचा फोटो अन् माझं सुतक

चहा निवला तर निवू द्या, पण आधी माझा पराक्रम ऐका. मी एकदा सिरसाळ्याच्या फोटो स्टुडिओत मेलतो! हसू नका. अख्ख्या गावानं मान्य केलतं.

झालं असं. माझी धाकटी बहीण सविता बाळंतपणाला माहेरी आलती. दाजी मस्कतला ड्रायव्हर. पोरगं चार महिन्यांचं झालं, पण बापानं त्याला बघितलं ते फक्त मोबाइलवर. आता मायलेकरांनी तिकडं जायचं, म्हणजे पोराचा पासपोर्ट पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळची ऑफिसातली वेळ मिळालती, अन् पोराचा फोटोच न्हाई!

म्हणलं, "चल, मी हाय ना!" आता तुमाला तर माहीत हाय, गावात कुणाचंबी कार्ड अडलं, फॉर्म अडला, की लोक माझ्या दुकानात येतेत. घरात एवढा जाणकार असताना काळजी कावून करायची?

स्टुडिओवाल्या शब्बीरभाईनं नियम सांगितले. मागं सगळं पांढरं पाहिजे. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. अन् धरणाऱ्याचा हात दिसायचा न्हाई.

हात दिसायचा न्हाई? पोरगं स्टुलावर ठेवलं की पोत्यावानी कलंडायलं!

अन् मग माझं डोकं चाललं. नको तवा लई चालतं ते. म्हणलं, "शब्बीरभाई, मी बाकड्यावर उताणा पडतो. मला डोक्यापासून पांढऱ्या चादरीत झाका. पोराला छातीवर ठेवा, मी आतून धरतो. तुमी स्टुलावर चढून वरून काढा."

"क्या बात हाय!" शब्बीरभाई म्हणले. "पण हलायचं न्हाई बरं का. अन् मोबाइल बंद."

झोपलो. चादर आली. पाय तेवढे बाहेर, हिरव्या पट्ट्याच्या चपलेसकट. असली चपल तालुक्यात माझीच. पोरगं छातीवर आलं, अन् ऊब लागली तसं ढाराढूर झोपलं!

आता एक सांगायचं ऱ्हायलं. सविता मला दादा म्हणती, अन् लेकालाबी लाडानं दादाच म्हणती. ती आमच्यावर वाकून हाका मारायली, "दादा, डोळे उघड रे! एकदा तरी बघ माझ्याकडं!" उद्याची वेळ हुकली तर परत कवा मिळंल, या काळजीनं तिचा आवाज रडवेला झालता. शब्बीरभाई बॅटरी बदलायला आतल्या खोलीत गेलते.

तेवढ्यात दार वाजलं. आमचे शेजारी तात्या, ते बी फोटो काढायला आलते. सविता वाकलेली, तिच्या पदराआड पोरगं दिसंना. दिसलं काय? पांढऱ्या चादरीखाली माणूस, अन् बाहेर माझी चपल.

"सविता... कवापासून गं?" तात्यांचा आवाज एकदम खाली.

सवितानं वळूनबी बघितलं न्हाई. "घरनं निघालो तवा चांगला हसत होता, तात्या. इथं आडवं केलं अन् डोळेच मिटले."

"हाका मारल्या का?"

"घसा बसला माझा!"

"अरारारा! आता कसं करायचं?"

"आता काय, फोटो काढायचा अन् उद्या घेऊन जायचं."

"उद्या? उन्हाचे दिवस हायेत पोरी, आजच उरकाय पाहिजे."

"उरकलं असतं हो, पण डोळे तर उघडाय पाहिजेत ना!"

तात्यांनी हुंदका दिला. "आता न्हाईत उघडायचे ते."

तुमी म्हणाल, तू चादरीखाली ऐकत होतास ना, मग बोलला कावून न्हाईस? अहो, मला वाटलं तात्याबी फोटोचंच बोलायलेत! अन् शब्बीरभाईनं हलू नको म्हणलतं. मी तर श्वाससुद्धा रोखून धरलता!

तात्या निघाले ते पळतच. दार असं आदळलं की पोरगं दचकून जागं झालं. डोळे टक्क उघडे, तोंड बंद! शब्बीरभाई आतून धावत आले अन् खटॅक! फोटो झाला.

मी खुशीत. सिरसाळ्यात भजी खाल्ली, पोराला टोपी घेतली. माझा मोबाइल चालू करायचं ध्यानातच न्हाई, अन् सविताचा घरीच ऱ्हायलता.

गावात शिरलो तर माझ्या दुकानाचं शटर खाली. घरापुढं ही गर्दी. चुलते बांबू तोडायलेत. गाडीवर मला बघितलं अन् बायांनी दुप्पट जोरात हंबरडा फोडला!

"काय झालं? कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"तूच गेलतास की!" तात्या ओरडले. "मी या डोळ्यांनी बघितलं!"

"अहो तात्या, मी भाच्याला धरून झोपलतो!"

"मग तोंडानं सांगायचं न्हाई का बे?"

"फोटो हलला असता ना!"

बायको उंबऱ्यात बसलती. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं उठून माझं मनगट धरलं, ते सांजेपर्यंत सोडलं न्हाई. शिव्याबी तशाच मनगट धरूनच दिल्या.

दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या ऑफिसात मी ऐटीत फोटो पुढं केला. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाळाच्या डोक्यावर हे पांढरं शिंग कसलं?"

सवितानं वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "साहेब, ते मामाचं नाक हाय. चादरीतलं."

फोटो नापास! बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं टेबलावर पांढरं कापड टाकलं, पोराला त्याच्यावर निजवलं, वरून मोबाइल धरला. दोन मिनिटांत फोटो तयार, अन् एका झटक्यात पासबी.

निघताना साहेबांनी मला हाक मारली. शब्बीरभाईचा फोटो माझ्या हातात ठेवला अन् म्हणले, "हा तुम्हीच ठेवा. यात बाळापेक्षा तुम्हीच चांगले आलात."